दोन बोटे रिकाम्या टाकीचा दाखला

प्रति,
मा. जिल्हा कृषी अधिकारी श्री. लिकांदो साहेब यांचे सेवेशी,
जिल्हा कृषी कार्यालय, हामाबुंडे,
दक्षिण प्रांत, झांबिया.

अर्जदार : वेबस्टर हाबीन्झू, शेतकरी व ट्रॅक्टरमालक, विधुर, मुक्काम सिमुकाले गाव.

दिनांक : १६ सप्टेंबर, मंगळवार.

विषय : इंधनाची टाकी गळ्यापर्यंत भरल्याने वाहनास व ट्रॅक्टरास इजा होते, असा गोल शिक्क्याचा दाखला शुक्रवारच्या बसपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाने पंपाच्या भिंतीवर चिकटवलेली सूचना : "नोझलने टक् केल्यावर पुढे भरू नये. टाकीत दोन बोटे जागा ठेवावी."
२) सदर सूचना बिनडोक असल्याबद्दल अर्जदाराचा जून महिन्यातील अर्ज.
३) जिल्हा कृषी प्रदर्शनात घडलेला प्रकार, ज्यास आपण स्वतः साक्षी आहात.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करणेत येते की,

१. संदर्भ क्रमांक २ चा अर्ज अर्जदार याद्वारे मागे घेत आहे. सदर अर्जात "खुर्चीत बसून डिझेल भरायला शिकवणाऱ्याने आधी एक दिवस नांगरामागे चालून दाखवावे" असे जे वाक्य आहे, ते रागाच्या भरात लिहिले गेले व त्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. त्याच अर्जातील "मासे खाणाऱ्यांना ट्रॅक्टरातले काय कळते" हे वाक्य मात्र मागे घेता येत नाही. आपण नदीकाठच्या लोझी जमातीचे, अर्जदार गुरांवर जीव टाकणाऱ्या टोंगा जमातीचा, आणि टोंगा-लोझींचे नाते आजोबा-पणजोबांपासून थट्टेचे. त्यात एकमेकांस वाटेल ते बोलावे, कोणी रागवायचे नाही, ही रीत आहे. आपणही उत्तरात "अर्जदाराचा जन्म गोठ्यातला दिसतो" असा शेरा मारलात. तो अर्जदाराने भिंतीवर लावला असून पाहुण्यांस दाखवतो. परंतु याच रीतीने अर्जदाराचा घात केला आहे. कसा, ते पुढे येईलच.

२. प्रथम टाकी गळ्याशी भरण्याचे कारण सांगणे क्रमप्राप्त आहे, नाहीतर अर्जदार केवळ हावरट वाटेल. बाजारात शेंगा घ्या, टोमॅटो घ्या, बाई माप भरून झाल्यावर वर एक मूठ टाकते. त्या मुठीला म्बासेला म्हणतात हे आपणांस अर्जदाराने काय सांगावे. जी बाई म्बासेला देत नाही, तिच्या पालापुढे माशा बसतात, गिऱ्हाईक नाही. अर्जदार याच संस्कारात वाढला. सबब नोझलने टक् केले की माप संपले आणि त्यानंतर टाकीत पडते तो म्बासेला, अशी अर्जदाराची प्रामाणिक समजूत होती. टक् झाल्यानंतरही मीटर फिरत असते व पैसे द्यावे लागतात, हे अर्जदारास दिसत नव्हते असे नाही. दिसत होते. पण समजुतीपुढे मीटरचे काय चालते? म्हणून अर्जदार टक् झाल्यावर रांगेतल्या चार धडधाकट लोकांस हाताशी धरून ट्रॅक्टर गदागदा हलवी, आतली हवा बुडबुड करून वर येई, आणि झाकणाच्या आट्यांपर्यंत डिझेल चढे. मग अर्जदारास शांत झोप लागे.

३. सदर पंपावर डिझेल भरण्याचे काम श्रीमती नालिशेबो करतात. त्या लोझी आहेत, मूळच्या मोंगूकडच्या, नवरा वारून बरीच वर्षे झाली. संदर्भ क्रमांक १ ची सूचना लागण्याच्या कितीतरी आधीपासून त्या अर्जदारास अडवीत आल्या आहेत, हे न्यायाच्या दृष्टीने लिहिले पाहिजे. त्यांचे व अर्जदाराचे बोलणे साधारण असे होई :

"हाबीन्झू, टक् झालं. बस्स कर."

"टक् तुझ्या मशीनचं झालं, माझं नाही. घाल अजून."

"अरे गोठ्यातल्या, हा ट्रॅक्टर आहे, आंबट दुधाचा भोपळा नव्हे, काठोकाठ भरायला! ऊन चढलं की डिझेल फुगतं. त्याला अंग पसरायला जागा नको?"

"घाल गं मासेखाऊ. नदी काय तुझ्या बापाची आटतेय?"

"घालते. पण उद्या रडत आलास तर तुझ्याच टोपीने पुसून घेईन."

असे म्हणून त्या थेंब थेंब घालीत. घाईत असल्या तरी घालीत. मागची रांग बोंबलत असली तरी घालीत. साहेब, आमच्या गावाजवळ आता नवा पंप झाला आहे. तिथे नोझल एक मिशीवाला गृहस्थ धरतो. अर्जदार तिथे एकदाच गेला.

४. आता इजेचा भाग. अर्जदाराने जूनच्या अर्जात "काहीही इजा होत नाही" असे ठणकावून लिहिले होते. ते खोटे आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे भरलेली टाकी दुपारी झाकणाच्या भोकातून गळू लागते. गळलेल्या डिझेलवर शेतातली धूळ बसून त्याचा चिखल होतो. त्या चिखलाने टाकीखालचा रंग सोलला गेला, एक रबरी नळी फुगून केळ्याएवढी झाली, आणि अर्जदाराच्या विजारींना जो वास लागला तो अद्याप गेलेला नाही. चर्चमध्ये अर्जदाराच्या बाकावर दुसरे कोणी बसत नाही. इतक्यावर भागले असते तरी ठीक होते. परंतु अर्जदाराने आपले ज्ञान पाद्रीबुवांसही दिले. त्यांची लहान पेट्रोलची गाडी आहे. अर्जदाराने स्वतः उभे राहून ती गळ्याशी भरवून घेतली. त्या गाडीत पेट्रोलची वाफ साठवायचा एक डबा असतो म्हणे. त्यात वाफेऐवजी पेट्रोलच शिरले, आणि गाडी उचक्या देत देत चर्चच्या चढावर बंद पडली. भक्तमंडळींनी ती ढकलत वर नेली. त्या रविवारचे प्रवचन हावरटपणावर होते आणि पाद्रीबुवा सबंध वेळ अर्जदाराकडे पाहत होते.

५. एवढे होऊनही अर्जदाराने ऐकले नाही, कारण अर्जदार टोंगा आहे. मग प्रदर्शनाचा दिवस उजाडला. पाहुण्यांस मैदानात फिरवून आणण्याचा मान अर्जदाराच्या ट्रॅक्टरास मिळाला होता व मागच्या ट्रेलरमध्ये आपण स्वतः विराजमान होता. अर्जदाराने पहाटेच टाकी भरवून घेतली. मानाचा दिवस म्हणून नेहमीपेक्षा जास्त हलवली. ऊन चढले तशी टाकी गळू लागली. अर्जदाराची थोरली बहीण जेलिता तिथे होती. तिचे शब्द कार्यालयीन शिष्टाचारास धरून नाहीत, तथापि पुरावा म्हणून जसेच्या तसे देतो. ती म्हणाली, "वेबस्टर, तुझा ट्रॅक्टर मुततोय. साहेब यायच्या आत काही तरी कर." अर्जदारास काही सुचेना. तेव्हा तिनेच डब्यातल्या मक्याच्या घट्ट न्शिमाचा गोळा मळून झाकणाच्या भोकात चांगला ठासून बसवला. गळणे थांबले. बहीणभाऊ दोघेही स्वतःवर खूश झाले.

६. पुढचे आपण पाहिलेच आहे. ट्रॅक्टर अर्धे मैदान डौलात चालला. मग त्यास धाप लागली, आणि ऐन पाहुण्यांच्या मांडवासमोर, बँड वाजत असताना, तो मेला. अर्जदाराने चावी फिरवली, लाथ मारली, नवस बोलला. टाकी तुडुंब भरलेली, आणि इंजिनात थेंब येईना! लोक म्हणू लागले, करणी झाली. तेवढ्यात गर्दीतून श्रीमती नालिशेबो आल्या. एका शब्दाने न विचारता ट्रॅक्टरवर चढल्या आणि झाकण फिरवले. स्सस्स करून आत हवा गेली, ती मांडवापर्यंत ऐकू आली. त्यांनी झाकणातला गोळा नखाने उकरून काढला, हुंगला, आणि सगळ्या जिल्ह्यासमोर म्हणाल्या, "हाबीन्झू, तुझ्या ट्रॅक्टरचं नाक दाबलंय रे कुणी तरी! आत हवाच जाईना, तर डिझेल खाली उतरेल कसं? आणि ट्रॅक्टरला न्शिमा वाढलीस, तर वर मासा तरी ठेवायचा!"

त्यांनी हाताने पंप मारून नळीतली हवा काढली आणि ट्रॅक्टर सुरू झाला. त्यांच्या नाकावर काळा डाग लागला होता. साहेब, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही असे म्हणतात. येथे नाक ट्रॅक्टरचे दाबले गेले आणि तोंड अर्जदाराचे उघडले. अर्जदार सर्वांसमक्ष बोलून गेला, "नालिशेबो, माझ्याशी लग्न कर. गुरं देतो. तू म्हणशील तेवढी देतो."

७. यावर काय झाले तेही लिहिणे भाग आहे. मग त्या म्हणाल्या, "गुरं? टोंगा आणि गुरं देतोय? अरे, डॉक्टरला बोलवा कुणी तरी, याला ऊन लागलंय!" आणि सगळे मैदान हसले. बँडवाले हसले. आपण ट्रेलरमध्ये पोट धरून खाली बसलात, हे अर्जदाराने आरशात पाहिले. त्याच वेळी कर्ण्यावरून "आता उत्तम वळूची निवड" अशी घोषणा झाली, ती योगायोगाने झाली असे अर्जदार समजतो. सर्वांत जास्त वेळ त्याच हसल्या. जाताना अर्जदाराच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "शाब्बास रे टोंगा. यंदाची सगळ्यात भारी थट्टा तुझी!"

८. हीच अर्जदाराची तक्रार आहे. थट्टेच्या नात्यात माणसाने खरे बोलायचे तरी कसे? त्यानंतर अर्जदार सदरा-टाय घालून पंपावर गेला. त्या म्हणाल्या, "वा, आज पोशाखासकट?" रीतीप्रमाणे अर्जदाराने मध्यस्थ म्हणून बहीण जेलितास पाठवले. ती दोन सुके मासे घेऊन, डोळे पुसत परत आली. अर्जदारास वाटले, रडली. ती हसून हसून दमली होती. म्हणाली, "बाई सोन्यासारखी आहे रे. पण ती म्हणते, तुझ्या भावाने आता बहिणीलाही थट्टेत ओढलं, म्हणजे कमालच झाली." अर्जदाराने डोळ्यांत पाणी आणून पाहिले. त्यावर रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

९. गेल्या शनिवारी अर्जदार पुन्हा गेला. पंपावर गर्दी नव्हती. अर्जदार म्हणाला, "मी थट्टा करत नाहीये." त्या म्हणाल्या, "थट्टा करणारा टोंगा नेमकं हेच म्हणतो." मग फडक्याला हात पुसत म्हणाल्या, "मोंगूला भावाने बोलावलंय. त्याचं दुकान आहे. शुक्रवारच्या बसने जाते. इथे माझं कोण आहे?"

"मी आहे."

त्या हसल्या, पण नेहमीएवढ्या नाही. म्हणाल्या, "तू? दोन बोटं जागा ठेव, एवढी साधी गोष्ट तू माझी कधी ऐकली नाहीस. वर साहेबाला अर्ज करून भांडलास, की मी म्हणते ते खोटं. आणि म्हणे लग्न कर! जा, साहेबाकडून लिहून आण, की नालिशेबोचं बरोबर होतं. गोल शिक्का मारून आण. लिकांदो साहेब आमचा असला तरी शिक्का कुणाचा नसतो. तोंडाचं सांगू नकोस, तुझं तोंड थट्टेत विकलं गेलंय."

एवढे बोलून त्यांनी टाकी भरली. टक् झाले, तसे नोझल काढून जागेवर ठेवले. अर्जदारानेही "घाल अजून" म्हटले नाही. दोघेही त्या टाकीकडे बघत उभे होते.

१०. साहेब, अर्जदाराची पत्नी एस्नार्ट वारली, तेव्हाचे एक लिहितो. मयताच्या घरी थट्टेच्या नात्यातल्यांनी यावे, दुःखी माणसाची टर उडवावी, त्याचे दुःख हलके करावे, ही आपल्या दोन्हीकडची रीत आहे. तेव्हा पंपावरच्या ओळखीने नालिशेबो आल्या होत्या. माझी टोपी डोक्यावर घालून माझ्या खुर्चीत बसल्या आणि मी गुरे मोजतो तशी अंगणातली माणसे मोजू लागल्या. "हा बारीक झालाय, याला मीठ चाटवा. ही गाभण दिसते. हा म्हातारा झाला, विकून टाका." मी किती दिवस हसलो नव्हतो. त्या दिवशी हसलो आणि मग हसता हसता रडलो, तेव्हा त्यांनी टोपी काढून माझ्या तोंडावर धरली, म्हणजे कोणास दिसू नये. तेव्हापासून मी गळ्याशी डिझेल भरतो. जितके थेंब जास्त, तितका वेळ पंपाशी उभे राहता येते. हे मला स्वतःलाही हा अर्ज लिहीपर्यंत नीट ठाऊक नव्हते. वरील मजकुरात 'अर्जदार' ऐवजी 'मी' असे पडले आहे, ते खोडू नये.

११. सबब विनंती की, खालीलप्रमाणे दाखला देणेत यावा :

(अ) टाकी गळ्याशी भरल्याने वाहनास व ट्रॅक्टरास निश्चित इजा होते.
(ब) ही गोष्ट श्रीमती नालिशेबो पहिल्यापासून सांगत होत्या, आणि अर्जदार वेबस्टर हाबीन्झू हा मूर्ख असल्याने त्याने ऐकली नाही. ('मूर्ख' शब्द ठळक असावा.)
(क) सदर अर्जदार थट्टा करीत नाही.

कलम (क) कृषी खात्याच्या कक्षेत बसत नाही, असे आपले कार्यालय म्हणेल. तथापि जे कार्यालय बियाणे उगवेल की नाही याचा दाखला देते, त्यास माणूस खरे बोलतो की नाही, एवढे लिहून देणे जड जाऊ नये. आपण लोझी असल्याने हा अर्ज वाचून आपणांस हसू येईल, हे अर्जदार जाणून आहे. त्यास हरकत नाही. फक्त कृपा करून शिक्का आधी मारावा आणि मग हसावे.

अर्जदार आपल्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसला आहे. शुक्रवारपर्यंत तिथेच बसेल.

आपला, या खेपेस खरोखरच नम्र,

वेबस्टर हाबीन्झू
(सही)

सोबत जोडले आहे :
१) ट्रॅक्टरच्या टाकीचे झाकण, भोकासह. (तपासून परत मिळावे. टाकीस तूर्त बहिणीचे फडके बांधले आहे.)
२) भोकातील न्शिमाचा गोळा, वाळलेला.
३) फुगलेली रबरी नळी.
४) पाद्रीबुवांचे पत्र, की अर्जदाराने पुन्हा कोणास वाहनाविषयी सल्ला देऊ नये.

ता. क. : हा मजकूर आपल्या कार्यालयातील खिडकीशी उभे राहून जोडीत आहे. आपले कारकून श्री. चोला यांनी अर्ज घेतला आणि "बा हाबीन्झू, पूर्ण आहे की नाही ते बघायला वाचावा लागतो," असे म्हणून ते तो मोठ्याने वाचू लागले. खत-बियाण्याच्या रांगेतले, जनावरे बाहेर नेण्याच्या परवान्याच्या रांगेतले, सगळे ऐकत होते. पहिल्या कलमापासून लोक हसत होते. प्रदर्शनाच्या कलमास तर एक म्हातारे गृहस्थ खताच्या पोत्यावर आडवे झाले. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. दहाव्या कलमास हसणे जरा कमी झाले. मग दाखल्याची कलमे आली, तेव्हा पुन्हा सगळे हसले. एक सोडून.

परवान्याच्या रांगेत नालिशेबो होती. मोंगूला न्यायच्या तिच्या दोन शेळ्या बाहेर आंब्याला बांधल्या होत्या, त्या मी येताना पाहिल्या, पण शेळीवरून माणूस ओळखण्याइतके भान मला नव्हते. ती हसली नाही. रांग सोडून खिडकीशी आली आणि श्री. चोला यांना म्हणाली, "ते 'क' पुन्हा वाचा." त्यांनी वाचले. या वेळी कोणीच हसले नाही.

मग ती मला म्हणाली, "टाकीत किती आहे?"

"दोन बोटं कमी."

"तुझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवतो? बघते." असे म्हणून ती बाहेर माझ्या ट्रॅक्टरशी गेली, टाकीचे फडके सोडले, आत बोटे घातली. परत आली तेव्हा तिच्या नाकावर पुन्हा काळा डाग होता. परवान्यासाठी भरलेला अर्ज तिने चार घड्या घालून माझ्या सदऱ्याच्या खिशात कोंबला आणि म्हणाली, "दोनच आहेत."

साहेब, आता शुक्रवारची घाई राहिलेली नाही. तरी दाखला सवडीने द्यावाच, कारण उद्या सकाळी ती पुन्हा हसायला लागेल आणि मला भिंतीवर काही तरी लागेल. अनुक्रमांक १ चे झाकण मी आत्ताच परत नेत आहे. त्याखेरीज निघता येत नाही, आणि ती शेळ्यांसकट ट्रेलरमध्ये बसून केव्हाची ओरडते आहे, "चल रे गोठ्यातल्या, ऊन चढतंय!"